पॅच आत घेणे, रिलीज बाहेर काढणे

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथ तालुक्यातल्या दुधाळा शिवारात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहत आहे. फेब्रुवारी 2016 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला तत्त्वतः मान्यता दिली, एप्रिल 2023 मध्ये सुमारे 2,600 कोटी रुपयांच्या खर्चाला मंजुरी मिळाली आणि 11 मे 2023 रोजी पायाभरणी झाली. वेधशाळा म्हटली की बोलणे होते ते जमिनीचे, चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांचे आणि मिळणाऱ्या नोकऱ्यांचे. पण तिचा एक मोठा भाग असा आहे की त्यासाठी बांधकाम संपण्याची वाट पाहावी लागत नाही. तो भाग म्हणजे सॉफ्टवेअर. डिटेक्टरच्या गोंगाटातून लहरीची खूण वेगळी काढणारे लालसूट, पायसीबीसी, जीडब्ल्यूपाय हे प्रकल्प मुक्त परवान्याखाली खुले आहेत. लहरीचे अपेक्षित आकार आधी गणिताने काढून ठेवायचे आणि आलेली नोंद त्यांच्याशी ताडून पाहायची, या पद्धतीच्या पायाभरणीत पुण्याच्या आयुकातले संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांचे 1991 सालचे काम मोलाचे मानले जाते. वसमतच्या किंवा कळमनुरीच्या विद्यार्थ्याला हे प्रकल्प आज उतरवून घेता येतात, ओळ न् ओळ वाचता येतात आणि सुधारणेचा पॅच पाठवता येतो. उद्या यातलेच काही जण स्वतःचा प्रकल्प सुरू करतील, इतरांचे पॅच तपासतील, रिलीज काढतील. कोड लिहायला शिकवणारी पुस्तके आणि व्हिडिओ हवे तितके आहेत. आलेला पॅच कसा तपासावा आणि जमलेल्या पॅचांचे रिलीज कसे काढावे, हे मात्र कोणी नीट सांगत नाही, आणि प्रकल्प बुडतात ते बहुतेक तिथेच.

या लेखाचे म्हणणे एवढेच आहे की पॅच आत घेणे आणि रिलीज बाहेर काढणे हे दोन वेगळे निर्णय आहेत. दोन्ही वेळा लिहिणाऱ्याखेरीज दुसऱ्या कोणीतरी पाहिलेले असले पाहिजे आणि पाहिल्याची नोंद राहिली पाहिजे. पुष्कळ प्रकल्पांत पहिल्या निर्णयावर सगळा जोर असतो. पॅचवर चर्चा होते, सूचना येतात, दुरुस्त्या होतात. मग एके रात्री मेंटेनर एकटाच बसून व्हर्जनचा आकडा वाढवतो, फाइल बांधतो आणि चढवून टाकतो. काही प्रकल्पांत उलटे असते: रिलीजचा मोठा सोहळा, पण रोजचे पॅच 'ठीक दिसते' एवढ्या शेऱ्यावर आत जातात. दोन्ही प्रकारांत काय होते, याचे दाखले संगणकाच्या अलीकडच्या इतिहासात सगळ्यांसमोर आहेत.

पॅचपासून सुरुवात करू. मुक्त प्रकल्पात सर्वांत दुर्मीळ गोष्ट कोणती असे विचारले तर बहुतेक जण पैसा किंवा कोड लिहिणारे हात म्हणतील. माझ्या मते ती आहे तपासणाऱ्याचा वेळ. लिहिणारे पन्नास असतात आणि नीट तपासू शकणारे दोन किंवा तीन. म्हणून सगळी कामाची पद्धत तपासणाऱ्याचा वेळ वाचेल अशी बेतावी लागते आणि त्याची जबाबदारी पॅच पाठवणाऱ्यावर येते. पॅच लहान हवा. सिस्को कंपनीतल्या कोड रिव्ह्यूंच्या एका मोठ्या पाहणीतून निघालेला ठोकताळा असा आहे की एका बैठकीत 200 ते 400 ओळींपलीकडे गेले की माणसाला दोष दिसण्याचे प्रमाण घसरते. हजार ओळींच्या पॅचवर 'छान आहे' असा शेरा येतो आणि वीस ओळींच्या पॅचवर सहा प्रश्न येतात, हे त्यामुळेच. एका पॅचने एकच गोष्ट करावी. फंक्शनचे नाव बदलायचे असेल तर तो एक पॅच, त्यातला बग काढायचा असेल तर तो दुसरा. रिकाम्या जागा नीट करण्याचा मोह झाला तर तोही वेगळाच पाठवावा, कारण तीनशे ओळींच्या रंगरंगोटीत बदललेली एकच खरी ओळ शोधत बसणे म्हणजे तपासणाऱ्याची दुपार वाया घालवणे आहे.

पॅचसोबतचा मजकूर, म्हणजे कमिट मेसेज, हा पॅचचाच भाग समजावा. काय बदलले ते कोड सांगतोच. का बदलले, आधी काय होत होते, दुसरा कोणता उपाय सुचला होता आणि तो का सोडला, हे कोड सांगत नाही. 'बग फिक्स केला' एवढाच मेसेज असलेला कमिट तीन वर्षांनी उघडणाऱ्या माणसाच्या हाती काहीच लागत नाही, आणि तो माणूस पुष्कळदा मूळ लेखकच असतो. जगभर वापरल्या जाणाऱ्या प्रकल्पात हा मजकूर इंग्रजीत लिहावा लागतो. पण त्यासाठी सफाईदार इंग्रजी लागत नाही, तीन-चार साधी, खरी वाक्ये पुरतात. आधी मराठीत मुद्दा नीट मांडून मग उतरवला तर तो जास्त स्वच्छ येतो.

एक पॅच अगदी जवळून पाहू. गुरुत्वीय लहरींच्या खुल्या विदा केंद्रावर अमेरिकेतल्या लायगो वेधशाळांच्या नोंदी 4,096 सेकंदांच्या फाइलींमध्ये मिळतात. सेकंदाला 4,096 नमुने या दराने एका फाइलीत 1,67,77,216 आकडे बसतात. डिटेक्टर बंद होता किंवा नोंद घेतली गेली नाही, त्या जागी फाइलीत 'आकडा नाही' अशी खूण, म्हणजे नॅन, भरलेली असते. समजा, या फाइली वाचून आलेख काढणारा एक छोटा प्रकल्प तुम्ही सांभाळता आणि नॅन आला की प्रोग्राम कोसळतो अशी तक्रार आहे. कोणीतरी दोन ओळींचा पॅच पाठवतो: नॅन दिसला की तिथे शून्य ठेवावे. प्रोग्राम कोसळणे थांबते, टेस्ट हिरव्या होतात, तक्रार करणारा आभार मानतो. तपासणाऱ्याने इथे थांबून विचारायचे आहे की शून्याचा अर्थ काय? पुढच्या फंक्शनला आता वाटणार की डिटेक्टर चालू होता आणि अगदी शांत होता. गोंगाटाची सरासरी काढताना ही खोटी शांतता त्यात मिसळणार आणि सरासरी खाली येणार. नोंद जिथे तुटते आणि जिथे पुन्हा सुरू होते, तिथे उभी कडा तयार होऊन फूरिए रूपांतरात नसलेल्या कंपनसंख्या उमटणार. कोसळणारा प्रोग्राम निदान ओरडून सांगत होता की काहीतरी चुकले आहे. नवा प्रोग्राम चुकीचे उत्तर शांतपणे देईल. योग्य दुरुस्ती अशी की वाचतानाच सलग चांगल्या नोंदींचे तुकडे पाडावेत, प्रत्येक तुकड्याची सुरुवात आणि शेवट सांगावा, आणि पुढचे गणित फक्त त्या तुकड्यांवर चालवावे. हा पॅच दोन ओळींचा न राहता चाळीस ओळींचा होतो, पण त्याला पर्याय नाही.

या उदाहरणात तपासणाऱ्याने शेरा कसा लिहावा, हेही महत्त्वाचे आहे. 'हे चूक आहे' एवढे लिहिले तर नवा माणूस पुन्हा येणार नाही. 'नॅनच्या जागी शून्य ठेवल्यावर सरासरी किती बदलते ते एकदा तपासून पाहाल का? ज्या फाइलीत अर्धा वेळ डिटेक्टर बंद आहे अशी फाइल घ्या' असे लिहिले तर पाठवणाऱ्याला स्वतःच दोष दिसतो, आणि पुढच्या वेळी तो असा पॅच पाठवणारच नाही. शेऱ्यात सक्तीचे काय आणि ऐच्छिक काय, हे वेगळे सांगावे. चलाचे नाव आवडले नाही म्हणून पॅच अडवून धरू नये. उत्तर किती दिवसांत मिळेल, हे प्रकल्पाच्या मार्गदर्शक फाइलीत लिहून ठेवावे आणि तो शब्द पाळावा. तपासायला वेळ नसेल तर 'पंधरा दिवसांनी पाहतो' एवढे तरी कळवावे. नाकारायचा पॅच लवकर नाकारावा आणि कारण द्यावे. सहा महिने लोंबकळत ठेवलेला पॅच हा पाठवणाऱ्याचा अपमान आहे, मग तो शेवटी स्वीकारला तरीही.

इथे पहिला आक्षेप येतो. आपोआप चालणाऱ्या टेस्ट असताना माणसाने कशाला पाहायचे? टेस्ट हव्यातच. लालसूटमध्ये आलेला प्रत्येक बदल मर्ज होण्याआधी वेगवेगळ्या लिनक्स प्रणालींवर आपोआप बांधून तपासला जातो, आणि लहान प्रकल्पालाही आज हे फुकट जमते. पण टेस्ट तेवढेच तपासते जे कोणाला आधी सुचले होते. वरच्या नॅनच्या पॅचमध्ये सगळ्या टेस्ट पास होत होत्या, कारण शून्याचा अर्थ विचारणारी टेस्ट कोणी लिहिलीच नव्हती. टेस्ट आणि माणूस यांचे नाते असे ठेवावे की माणसाला रिव्ह्यूत जो दोष दिसला, तो पुढच्या वेळी यंत्राने पकडावा. चांगल्या टेस्टचा एक नमुना देतो. पहिली गुरुत्वीय लहर टिपली गेली ती जीपीएस वेळेच्या 1126259462 व्या सेकंदाला, म्हणजे 14 सप्टेंबर 2015 रोजी जागतिक वेळेनुसार 9 वाजून 50 मिनिटे 45 सेकंदांनी. आपल्याकडे तेव्हा दुपारचे 3 वाजून 20 मिनिटे झाली होती. त्या दिवशी जीपीएस आणि जागतिक वेळ यांत 17 लीप सेकंदांचा फरक होता आणि जानेवारी 2017 पासून तो 18 झाला. ज्याने कोडमध्ये 18 हा आकडा कायमचा लिहून टाकला आहे, त्याचा प्रोग्राम या घटनेसाठी 44 वा सेकंद दाखवील. एका ओळीची ही टेस्ट तो दोष कायमचा बाहेर ठेवते. अशी ज्ञात उत्तरे असलेली उदाहरणे प्रत्येक विषयात असतात. हवामानाच्या नोंदी असोत, बाजारभाव असोत की सातबाऱ्याच्या क्षेत्रफळाचे रूपांतर, ती शोधून टेस्टमध्ये घालणे हे प्रकल्पाच्या पहिल्या महिन्यातले काम आहे.

माणसाने पाहिले म्हणजे सगळे निभावले असेही नाही. इंटरनेटवरची देवाणघेवाण कूटबद्ध करणाऱ्या ओपनएसएसएलमधला हार्टब्लीड नावाचा दोष डिसेंबर 2011 च्या शेवटच्या दिवशी आत घेतलेल्या पॅचमधून आला. समोरून आलेल्या संदेशात लांबी जेवढी सांगितली आहे तेवढा मजकूर खरेच आहे का, हे त्या कोडमध्ये तपासले जात नव्हते. पॅच तपासणाऱ्याच्या नजरेतूनही ते निसटले. मार्च 2012 मध्ये तो व्हर्जन 1.0.1 मधून बाहेर पडला आणि एप्रिल 2014 पर्यंत जगभरच्या सर्व्हरांची स्मृती उघडी राहिली. यावरून रिव्ह्यू निरुपयोगी ठरत नाही. बाहेरून येणारा मजकूर हाताळणारा कोड, किल्ल्या आणि पासवर्ड हाताळणारा कोड, आकड्यांचे मूळ गणित करणारा कोड यांना एकाच्या जागी दोन तपासणारे हवेत, एवढे त्यातून निघते. उरलेल्या भागाला एक पुरे. सगळ्या कोडला सारखीच कडक शिस्त लावली की माणसे थकतात आणि मग नेमक्या नाजूक जागी डोळे मिटतात. कोणत्या फोल्डरला कोणाची संमती लागते, हे रिपॉझिटरीतच एका फाइलीत लिहून ठेवण्याची सोय गिटहब आणि गिटलॅब या दोन्हींवर आहे. मुख्य ब्रँचवर थेट लिहिण्याची मुभा कोणालाच ठेवू नये, मेंटेनरलाही नाही.

दुसरा आक्षेप जास्त मानवी आहे: ओळखीचा, दोन वर्षे मनापासून काम केलेला माणूस आहे, त्याच्यावरही विश्वास ठेवायचा नाही का? याचे उत्तर एक्सझेडच्या घटनेत आहे. फाइली आवळण्याचे हे साधन जवळजवळ प्रत्येक लिनक्समध्ये असते आणि वर्षानुवर्षे एकच स्वयंसेवक ते सांभाळत होता. टोपणनावाने आलेल्या एका योगदानकर्त्याने 2021 पासून उपयोगी पॅच पाठवले आणि हळूहळू सह-मेंटेनरपद मिळवले. त्याच काळात काही अनोळखी खात्यांवरून जुन्या मेंटेनरवर 'काम हळू चालले आहे, दुसऱ्याकडे द्या' असा दबाव येत होता. फेब्रुवारी-मार्च 2024 मध्ये आलेल्या 5.6.0 आणि 5.6.1 या व्हर्जनांत चोरदरवाजा निघाला. 29 मार्च 2024 रोजी आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस प्रोग्रामरने तो जाहीर केला. दुसऱ्या यंत्रावर लॉगिन करताना सुमारे अर्धा सेकंद जास्त का लागतो, याचा छडा लावताना तो त्यांना सापडला होता. आपल्या विषयासाठी यातला तपशील फार महत्त्वाचा आहे. घातक मजकुराचे तुकडे टेस्टच्या फाइली म्हणून रिपॉझिटरीत दडवलेले होते, पण त्यांना जागे करणारी स्क्रिप्ट रिपॉझिटरीत नव्हतीच. ती फक्त रिलीजच्या बांधलेल्या फाइलीत होती. हिंगोलीच्या मोंढ्यात हळदीचा नमुना हातावर घेऊन भाव ठरावा आणि काट्यावर येणारे पोते मात्र दुसरेच असावे, तसा हा प्रकार झाला. कोड वाचणाऱ्यांनी वाचला होता एक आणि जगाच्या यंत्रांवर चढले होते दुसरेच. प्रश्न ओळखीच्या माणसावरच्या विश्वासाचा नव्हता. रिलीज बांधताना दुसरे कोणी बघत नव्हते, हा होता.

म्हणून रिलीजची पद्धत अशी हवी. प्रथम तारीख ठरवावी आणि ती पाळावी. वैशिष्ट्य पूर्ण झाले की रिलीज, असे ठरवले की प्रत्येक जण आपले काम घुसवण्यासाठी रिलीज अडवतो आणि शेवटच्या रात्री न तपासलेले पॅच आत येतात. पुढचे रिलीज कधी हे माहीत असले की राहिलेला पॅच सुखाने पुढच्या गाडीची वाट पाहतो. लिनक्स कर्नलचे रिलीज साधारण नऊ-दहा आठवड्यांनी निघते. त्यातले पहिले दोनच आठवडे नवे बदल घेण्याचे असतात, बाकीचा सगळा काळ दर आठवड्याला चाचणी व्हर्जन काढून फक्त दोष निस्तरण्याचा असतो. तेवढ्या प्रचंड प्रकल्पाला हे जमते ते वेळापत्रकामुळे. लहान प्रकल्पाने तीन महिन्यांचे चक्र धरावे, त्यातले शेवटचे दोन आठवडे कोड फ्रीझचे ठेवावेत. फ्रीझ सुरू होताना मुख्य ब्रँचपासून रिलीजची वेगळी ब्रँच काढावी, म्हणजे नवे काम तिकडे चालू राहते आणि इकडे फक्त दुरुस्त्या येतात. चाचणी व्हर्जन काढून नेहमीच्या वापरकर्त्यांना द्यावे आणि निदान आठवडाभर थांबावे.

शेवटचे रिलीज बांधताना तीन गोष्टींना पर्याय नाही. सही केलेला टॅग, त्या टॅगवरूनच स्वच्छ यंत्रावर झालेली बांधणी, आणि दुसऱ्या माणसाने तोच टॅग स्वतःच्या यंत्रावर बांधून दोन्ही फाइली ताडून पाहणे. स्वतःच्या लॅपटॉपवरच्या फोल्डरमधून रिलीज बांधू नये. त्यात न कमिट केलेली फाइल कधी जाते ते कळत नाही, आणि तिथे तर कोणाच्या वाईट हेतूचीही गरज नसते. व्हर्जनच्या आकड्याला अर्थ हवा: पहिला आकडा वाढला तर जुना वापर मोडू शकतो, मधला वाढला तर नवे काही आले आहे, शेवटचा वाढला तर फक्त दुरुस्ती आहे. चेंजलॉग वापरणाऱ्यासाठी लिहावा, कमिटांची यादी चिकटवू नये. 'नॅन असलेल्या फाइलींवर आधीच्या व्हर्जनने काढलेली सरासरी चुकीची असू शकते, पुन्हा काढा' हे वाक्य चेंजलॉगच्या पहिल्या ओळीत असले पाहिजे, कारण कोणाचा तरी प्रबंध त्या सरासरीवर उभा असतो.

तिसरा आक्षेप संशोधन संस्थांमधून हमखास ऐकू येतो: वैज्ञानिक कोड एकदा चालतो, निकाल छापला जातो, त्याला रिलीजची एवढी शिस्त कशाला? पहिल्या लहरीच्या शोधाचाच दाखला घेऊ. संकेत मिळाल्यावर डिटेक्टर आहेत त्याच स्थितीत ठेवून नोंदी घेतल्या गेल्या. 12 सप्टेंबर ते 20 ऑक्टोबर 2015 या काळातल्या, लायगोचे दोन्ही डिटेक्टर एकत्र चालू असलेल्या 16 दिवसांच्या नोंदींवरून 'असा संकेत निव्वळ योगायोगाने येण्याची शक्यता 2,03,000 वर्षांत एकापेक्षा कमी' हा आकडा काढता आला. मधेच कोणी यंत्रात सुधारणा केली असती तर आधीचा आणि नंतरचा गोंगाट एका मापात बसला नसता. फ्रीझ म्हणजे काय, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही. पुढे 2017 मध्ये कोपनहेगनच्या नील्स बोर संस्थेतल्या काही संशोधकांनी उरलेल्या गोंगाटाविषयी शंका घेतली. ती घेता आली ती विदा खुली होती म्हणून, आणि इतरांनी ती आकड्यांनिशी तपासली तीही खुल्या विदेवर, खुल्या सॉफ्टवेअरने. कोणता निकाल कोणत्या व्हर्जनने काढला याची नोंदच नसती तर वाद प्रतिष्ठेवर गेला असता. याच कारणाने लायगो-व्हर्गो-काग्रा या वेधशाळांच्या सहकार्यात रिलीज झालेले पॅकेजही थेट रोजच्या वापराच्या यंत्रांवर चढत नाही. ते चढवण्याची मागणी सॉफ्टवेअर बदलांवर नियंत्रण ठेवणाऱ्या मंडळापुढे नोंदवावी लागते. महाविद्यालयातल्या प्रकल्पाला मंडळ लागणार नाही. प्रबंधात सॉफ्टवेअरच्या नावापुढे व्हर्जनचा आकडा लिहिण्याची सवय मात्र लागेल, आणि तो आकडा देणे हे रिलीज काढणाऱ्याचे काम आहे.

सगळी साखळी एकत्र चालते का, हे तपासण्याचा एक धाडसी प्रयोगही लायगोच्याच लोकांनी केला. सप्टेंबर 2010 मध्ये मोजक्या माणसांनी डिटेक्टरमध्ये मुद्दाम खोटा संकेत सोडला आणि बाकी शेकडो शास्त्रज्ञांना त्याचा पत्ता लागू दिला नाही. त्यांनी तो शोधला, तपासला, शोधनिबंधाचा मसुदाही तयार केला. मार्च 2011 मध्ये लिफाफा उघडल्यावर खरे काय ते कळले. रिलीजच्या आधी प्रत्येक प्रकल्पाने याचे छोटे रूप करून पाहावे. एकाने खऱ्या नोंदीत ठाऊक असलेली चूक किंवा ठाऊक असलेला संकेत मिसळावा आणि दुसऱ्याने, काही न सांगता, चाचणी व्हर्जन वापरून तो शोधावा. सुटे भाग चोख असूनही जोडणीत दोष असतो तो असाच बाहेर येतो.

तातडीच्या दुरुस्तीचे काय? रिलीज निघाले आणि दुसऱ्या दिवशी मोठा दोष सापडला, तर सगळी शिस्त गुंडाळून ठेवायची का? नाही, पण वाट आखूड करावी. लिनक्सच्या स्थिर व्हर्जनांचा नियम उपयोगी आहे: दुरुस्ती आधी मुख्य ब्रँचमध्ये जाते, मग तिथून स्थिर व्हर्जनमध्ये आणली जाते, आणि असा पॅच आजूबाजूच्या ओळी धरून शंभर ओळींपेक्षा मोठा नसावा. आधी स्थिर व्हर्जन दुरुस्त करून 'मुख्य ब्रँचमध्ये नंतर टाकू' म्हटले की ते नंतर येत नाही आणि पुढच्या रिलीजमध्ये तोच दोष परत उगवतो. पॅच आपल्यापुरता ठेवण्याचा धोका डेबियन या लिनक्स वितरणाच्या उदाहरणात दिसतो. 2006 मध्ये डेबियनच्या ओपनएसएसएल पॅकेजमध्ये तपासणी साधनाची एक कटकट थांबवण्यासाठी दोन ओळी बंद केल्या गेल्या. मूळ प्रकल्पाच्या मंडळींना ओझरते विचारले होते, पण पॅच त्यांच्याकडे रीतसर रिव्ह्यूला गेलाच नाही. त्या ओळी किल्ल्यांसाठी लागणारी अनिश्चितता पुरवत होत्या. मे 2008 मध्ये उलगडा झाला तेव्हा दोन वर्षांत बनलेल्या असंख्य किल्ल्या सहज ओळखता येण्याजोग्या निघाल्या. घाईच्या दुरुस्तीलाही दुसरा डोळा हवा, आणि तो शक्यतो त्या कोडच्या मूळ लेखकाचा असावा. सुरक्षेचा दोष असेल तर चर्चा खासगी ठेवा, पण नोंद ठेवाच आणि दुरुस्ती बाहेर आल्यावर ती उघडी करा.

राहिला तो लहान प्रकल्पांचा प्रश्न. हिंगोलीत किंवा नांदेडमध्ये सुरू होणारा प्रकल्प बहुधा दोघांचा किंवा एकट्याचाच असेल. एकट्याने कोणाकडून रिव्ह्यू करून घ्यायचा? पहिला उपाय म्हणजे स्वतःचा पॅचही मर्ज रिक्वेस्ट म्हणून टाकून रात्रभर तसाच ठेवणे आणि सकाळी परक्याच्या नजरेने वाचणे. हा अर्धाच उपाय आहे, पण थेट मुख्य ब्रँचवर लिहिण्यापेक्षा पुष्कळ बरा. दुसरा उपाय देवाणघेवाणीचा: दुसऱ्या महाविद्यालयातला, दुसऱ्या प्रकल्पावरचा एक जण शोधावा, त्याचे पॅच तुम्ही पाहा आणि तुमचे त्याने पाहावेत. त्याला तुमचा विषय ठाऊक नसेल, तर तो जे प्रश्न विचारील त्यांची उत्तरे कमिट मेसेजमध्ये नसल्याचे तुम्हाला आपोआप कळेल. आणि मोठ्या प्रकल्पात शिरायचे असेल तर सुरुवात पॅच पाठवण्यापासून करू नका, दुसऱ्याचे पॅच तपासण्यापासून करा. आलेला पॅच आपल्या यंत्रावर चालवून 'या प्रणालीवर, या फाइलीवर चालला, अमुक ठिकाणी असा इशारा आला' एवढे कळवणाऱ्याची मेंटेनरला पॅच पाठवणाऱ्यापेक्षा जास्त गरज असते.

प्रकल्प एकट्याचा असला तरी रिलीजच्या पायऱ्या पहिल्या दिवसापासून रिपॉझिटरीतल्या एका फाइलीत लिहून ठेवा: कोणती आज्ञा, कोणत्या क्रमाने, सहीची किल्ली कुठे, बिघडले तर मागे कसे यायचे. दुसरा साथीदार मिळाला की पुढचे रिलीज ती फाइल समोर ठेवून त्याने काढावे, आणि तुम्ही शेजारी बसून गप्प राहावे. तो जिथे अडेल तिथे तोंडी सांगू नका. फाइलीत काय लिहायचे राहिले होते ते त्यानेच लिहावे, पॅच म्हणून पाठवावे, आणि तुम्ही तो तपासून आत घ्यावा.